हरलेल्या सामन्याचा सरळ हिशोब: बेसबॉलमधला पराभव खेळाडूने आणि चाहत्याने कसा पचवावा

बेसबॉलमध्ये हरणं ही रोजची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघ एका मोसमात 162 सामने खेळतो, तेही साधारण सहा महिन्यांत. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस सामना. शंभर सामने जिंकणारा संघ फार तगडा समजला जातो, आणि तोही 62 वेळा हरलेला असतो. एका मोसमातल्या सर्वाधिक विजयांचा विक्रम 116 चा आहे आणि तो दोन संघांच्या नावावर आहे: 1906 चे शिकागो कब्ज आणि 2001 चे सिअॅटल मरिनर्स. त्या-त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे सातपैकी चार सामने जिंकायची विजेतेपदाची मालिका, दोघांपैकी एकालाही जिंकता आली नाही. मरिनर्स तर वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेच नाहीत.

बॅटरचं गणित याहून कडक. दहा वेळा बॅटिंगला येऊन तीनदा हिट मिळवणं, म्हणजे फटका मारून पहिला टप्पा (बेस) सुखरूप गाठणं, ज्याला वर्षानुवर्षं जमतं, त्याचं नाव हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, घेतलं जातं. दहात चार हिट, तेही पूर्ण मोसमभर, गेल्या पाऊणशे वर्षांत कोणालाही जमलेले नाहीत. थोडक्यात, या खेळातला निष्णात माणूसही बहुतेक वेळा रिकाम्या हाताने डगआउटकडे, म्हणजे खेळाडूंच्या बाकांकडे, परततो.

हरण्याची एवढी सवय असूनही इथला पराभव जिव्हारी का लागतो? माझं मत असं, की पराभवाचं पुष्कळसं दुःख चुकीच्या हिशोबातून येतं. सामना गेला की आपण शेवटच्या क्षणाकडे बोट दाखवतो, कोणातरी एकाच्या माथी सगळं मारतो आणि त्याआधीचे तीन तास विसरून जातो. हिशोब सरळ मांडला म्हणून दुःख नाहीसं होत नाही, पण आवाक्यात येतं. खेळाडूला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं असतं आणि चाहत्याला पुन्हा टीव्ही लावायचा असतो, तेव्हा दोघांनाही एवढं पुरतं.

शेवटच्या आउटपर्यंत

आधी या खेळाची एक खोड समजून घ्यायला हवी. सामना संपवणारं घड्याळ बेसबॉलमध्ये नाही. 2023 पासून पिचरला चेंडू टाकायला मोजके सेकंद मिळतात हे खरं, पण सामना वेळेवर संपत नाही, तो आउटवर संपतो. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये एका संघाचे तीन आउट, एकूण सत्तावीस. पुढे असलेल्या संघाला वेळ काढता येत नाही. सत्ताविसावा आउट मिळवल्याशिवाय त्याची सुटका नाही. त्यामुळे मागे पडलेल्याची आशा आणि पुढे असलेल्याची धाकधूक, दोन्ही अगदी शेवटपर्यंत जिवंत राहतात.

याचा सर्वांत क्रूर नमुना म्हणजे 27 ऑक्टोबर 2011 ची रात्र. टेक्सस रेंजर्स वर्ल्ड सिरीजमध्ये 3-2 असे पुढे होते आणि सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये त्यांच्याकडे 7-5 अशी आघाडी होती. दोन आउट झालेले, समोरच्या डेव्हिड फ्रीझवर दोन स्ट्राइक (तिसरा पडला की बॅटर आउट). आणखी एक स्ट्राइक मिळाला असता तर रेंजर्सना इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळत होतं. फ्रीझने मारलेला चेंडू नेल्सन क्रूझच्या हाताबाहेरून गेला आणि बरोबरी झाली. बरोबरी असली की जादा इनिंग होतात. दहाव्या इनिंगमध्ये रेंजर्सनी पुन्हा दोन धावांची आघाडी घेतली, आणि पुन्हा दोन आउट, दोन स्ट्राइक असताना लान्स बर्कमनने बरोबरी साधली. अकराव्यात फ्रीझच्याच होम रनवर (कुंपणापलीकडे धाडलेल्या फटक्यावर) सामना 10-9 असा गेला. दुसऱ्या दिवशी सातवा सामनाही गेला. विजेतेपदासाठी रेंजर्सना त्यानंतर 2023 पर्यंत थांबावं लागलं.

10-2 असा हरलेला सामना रात्रीच्या जेवणापर्यंत विसरतो आणि असा एका स्ट्राइकने हुकलेला सामना वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही. असं का, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञांनी शोधलेलं आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांचे चेहरे त्यांनी चित्रफितींवरून तपासले. रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले जास्त आनंदी दिसले. रौप्यवाल्याच्या मनात हुकलेलं सुवर्ण असतं आणि कांस्यवाल्याच्या मनात ‘निदान पदक तरी मिळालं’ हा विचार. म्हणजे आपल्याला काय मिळालं यापेक्षा काय मिळू शकलं असतं, यावर मन दुःखाची मात्रा ठरवतं. ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी जखम खोल. बेसबॉलमध्ये तर हे अंतर इंचांत मोजता येतं आणि टीव्हीवर ते दहा वेळा दाखवलंही जातं.

हे आधीपासून माहीत असलं की एक फायदा होतो. थोडक्यात हरल्यावर जे प्रचंड वाईट वाटतं, त्यावरून संघ किती वाईट खेळला याचा अंदाज बांधू नये. बहुतेक वेळा तो चांगलाच खेळलेला असतो, म्हणून तर तो तिथपर्यंत पोचला.

फटका चांगला, निकाल वाईट

हिशोबातला दुसरा गोंधळ नशिबाचा. बॅटच्या मधोमध बसलेला सणसणीत फटका सरळ शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरच्या, ग्लोव्हमध्ये जातो आणि बॅटर आउट होतो. दुसऱ्याच्या बॅटची कड लागून उडालेला मरतुकडा चेंडू दोन फील्डरांच्या मध्ये पडतो आणि त्याला हिट मिळतो. स्कोअरबोर्डवर पहिला नापास, दुसरा पास.

2001 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अशाच फटक्यावर ठरला. न्यूयॉर्क यांकीजचा मारियानो रिव्हेरा पिचिंग करत होता. शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायला ज्याला आणतात त्या पिचरला क्लोजर म्हणतात, आणि रिव्हेरापेक्षा भरवशाचा क्लोजर झालेला नाही असं बहुतेक जण मानतात. त्याच्या चेंडूवर अॅरिझोना डायमंडबॅक्सच्या लुईस गोन्झालेझची बॅट नीट लागलीही नाही. चेंडू अलगद उडून, जवळ सरकून उभ्या असलेल्या इनफील्डच्या (बेसजवळच्या फील्डरांच्या) डोक्यावरून मागे पडला. धाव झाली, विजेतेपद गेलं. त्याच इनिंगमध्ये रिव्हेराने स्वतः सेकंड बेसकडे चुकीचा थ्रो केला होता, ती त्याची चूक. पण शेवटचा चेंडू? जवळपास जसा टाकायचा होता तसाच पडला होता. या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिता येणं, हेच सरळ हिशोबाचं मर्म. रिव्हेरा त्यानंतर आणखी बारा मोसम त्याच संघाकडून खेळला आणि 2019 मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतदानात प्रत्येक मत मिळवणारा पहिला खेळाडू ठरला.

म्हणून जाणते कोच सामना संपल्यावर निकालाच्या आधी निर्णय तपासतात. कोणता चेंडू टाकायचा हे ठरवताना विचार बरोबर होता का? बॅटरने मारायला योग्य चेंडू निवडला का? 2015 पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आहे, ती बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग आणि कोन मोजते. त्यामुळे ‘आउट झालो, पण फटका खणखणीत होता’ हे आता मनाचं समाधान राहिलेलं नाही, त्याला आकड्यांचा आधार आहे. गल्लीत किंवा शाळेत खेळणाऱ्याकडे ती यंत्रणा नसते, पण बॅटला चेंडू कसा लागला हे हाताला कळतंच.

बिल बकनरवर लिहिलेलं खोटं खातं

चुकीचा हिशोब एखाद्या माणसाचं काय करतो, हे पाहायचं तर 25 ऑक्टोबर 1986 कडे जावं लागतं.

वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. बोस्टन रेड सॉक्सना 1918 नंतर विजेतेपद मिळालेलं नव्हतं आणि या मालिकेत ते न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध 3-2 असे पुढे होते. दहाव्या इनिंगमध्ये बोस्टनकडे 5-3 अशी आघाडी होती. मेट्सचे दोन आउट झाले होते आणि बेसवर कोणीही नव्हतं. तिथून मेट्सनी लागोपाठ तीन हिट मिळवले. 5-4. बोस्टनने पिचर बदलला. नव्या पिचरचा, बॉब स्टॅन्लीचा, एक चेंडू कॅचरला अडवता आला नाही आणि मागे गेला. थर्ड बेसवरचा केव्हिन मिचेल धावत होम प्लेटवर आला, म्हणजे एक धाव झाली. 5-5.

इथे क्षणभर थांबू या, कारण बहुतेकांच्या आठवणीतून नेमका हाच भाग गळून पडलेला आहे. आघाडी इथेच संपली होती. फर्स्ट बेसवर उभ्या असलेल्या बिल बकनरचा तोवर कशाशीही संबंध आलेला नव्हता.

मग मूकी विल्सनने चेंडू जमिनीवरून फर्स्ट बेसकडे मारला. बकनरच्या घोट्यांची अवस्था वाईट होती. एरवी आघाडी असताना शेवटच्या इनिंगमध्ये त्याच्या जागी दुसरा फील्डर पाठवला जायचा, त्या रात्री पाठवला नाही. चेंडू त्याच्या पायांमधून गेला, सेकंड बेसवरून रे नाइट धावत आला आणि मेट्स 6-5 ने जिंकले. मालिका मात्र अजून संपली नव्हती. सातवा सामना बाकी होता, आणि त्यातही बोस्टन 3-0 असं पुढे गेलं होतं. तो सामना त्यांनी 8-5 ने गमावला.

आता खातं मांडा. तीन हिट देणारा पिचर, अडवता न आलेला चेंडू, बकनरला मैदानात ठेवण्याचा मॅनेजरचा निर्णय, सातव्या सामन्यात घालवलेली तीन धावांची आघाडी. यात बकनरची चूक एक, आणि ती चूक होतीच. पण पुढची अनेक वर्षं अख्खी मालिका त्याच्याच नावावर लिहिली गेली. मेजर लीगमध्ये बावीस मोसम खेळून 2,715 हिट मिळवलेला, 1980 मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) बॅटिंग विजेता ठरलेला हा माणूस त्या एका चेंडूपुरता उरला. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला इतका त्रास झाला, की शेवटी ते बोस्टनजवळचं घर सोडून दूर आयडाहोला राहायला गेले.

शेवटची गोष्ट ठळक आठवते म्हणून तीच कारण वाटते, ही मनाची जुनी सवय आहे. शिवाय निकाल कळल्यावर आपल्याला वाटू लागतं, की हे आधीच दिसायला हवं होतं. 1975 च्या सुमारास बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की निकाल माहीत झालेली माणसं तो आधीच ओळखता आला असता असं खात्रीने सांगतात, आणि तसं सांगताना खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं वाटतं. ‘बकनरला आधीच बाहेर काढायला हवं होतं’ असं म्हणणाऱ्यांपैकी त्याच क्षणी, चेंडू टाकण्याआधी, असं किती जण म्हणत होते?

2003 मध्ये शिकागोत हेच एका प्रेक्षकाच्या बाबतीत घडलं. कब्ज वर्ल्ड सिरीजपासून पाच आउट दूर होते आणि 3-0 ने पुढे होते. एक उंच फाउल बॉल (रेषेबाहेर गेलेला फटका) कठड्याजवळ आला, बऱ्याच प्रेक्षकांनी हात वर केले आणि त्यांच्यातल्या एकाच्या हाताला तो लागला. फील्डरचा झेल हुकला. नंतर कब्जच्या शॉर्टस्टॉपने हातातला सोपा चेंडू सोडला, फ्लोरिडा मार्लिन्सनी त्या इनिंगमध्ये आठ धावा काढल्या, आणि दुसऱ्या दिवशीचा सातवा सामनाही कब्ज हरले. तरी राग निघाला तो त्या एका प्रेक्षकावर. त्याला पहाऱ्यात स्टेडियमबाहेर न्यावं लागलं आणि नंतरचं आयुष्य त्याने लोकांच्या नजरेआड काढलं. कब्ज 2016 मध्ये, 108 वर्षांनी, जिंकले. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला विजेत्यांची अंगठी दिली. चांगलं केलं, पण चौदा वर्षं उशिरा.

बकनर 8 एप्रिल 2008 ला बोस्टनच्या फेनवे पार्क स्टेडियमवर परत आला. मोसमातल्या घरच्या पहिल्या सामन्याचा मानाचा चेंडू टाकायला त्याला बोलावलं होतं. स्टेडियम उभं राहिलं, टाळ्या थांबेनात, आणि त्याला डोळे पुसावे लागले. ज्याने तो चेंडू मारला त्या मूकी विल्सनशी तर त्याची कधीच मैत्री जमली होती. दोघं एकत्र बसून चाहत्यांना सह्या द्यायचे.

खेळाडूने काय करायचं

सामना चालू असताना आणि सामना संपल्यावर, या दोन वेळांची औषधं वेगळी आहेत, आणि इथेच बरेच कोच घोळ करतात.

सामना चालू असताना विश्लेषण नको. तेव्हा फक्त पुढचा चेंडू. मागची चूक मनात घोळत असताना पुढच्या चेंडूवर नजर बसत नाही, आणि मग एका चुकीच्या दोन होतात. ‘विसरून जा’ असं नुसतं सांगून कोणी विसरत नाही, म्हणून त्यासाठी एखादी ठरलेली कृती लागते. पिचर माउंडवरून, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून, खाली उतरतो, पाठ फिरवतो, हातातला चेंडू घासतो, एक लांब श्वास सोडतो आणि परत चढतो. बॅटर बॉक्सबाहेर येऊन ग्लोव्हचे पट्टे घट्ट करतो, बॅटवरच्या एका ठरलेल्या जागेकडे बघतो. टीव्हीवर हे चाळे वाटतात, पण मागचं मागे टाकण्याची ती पद्धत असते. कॅलिफोर्नियातल्या कॅल स्टेट फुलर्टन विद्यापीठाच्या संघाने यासाठी डगआउटमध्ये चक्क खेळण्यातलं छोटं टॉयलेट ठेवलं होतं. चूक करून आलेला खेळाडू त्याचा फ्लश ओढायचा. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या केन रविझा या क्रीडामानसशास्त्रज्ञाचं सांगणं असायचं, की मागचं वाहून जाऊ द्या. 2004 च्या मोसमाची सुरुवात या संघाने 15 विजय आणि 16 पराभव अशी केली होती, आणि त्याच वर्षी कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकली. टॉयलेटमुळे जिंकले असं कोणी म्हणणार नाही. पण सोळा पराभव उरावर घेऊन बसले असते तर जिंकले नसते, हे मी छातीठोकपणे म्हणेन.

सामना संपल्यावर मात्र फ्लश ओढून चालत नाही. तेव्हा बसून बघायला हवं, आणि बघण्याला मुदत हवी. बऱ्याच संघांत चोवीस तासांचा नियम असतो: जिंकल्याचा आनंद आणि हरल्याचं दुःख, दोन्ही एका दिवसापुरतं. रोज सामना असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. या मुदतीत कागदावर तीन गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ: माझ्या हातात काय होतं आणि मी ते कसं केलं, माझ्या हातात काय नव्हतं, आणि उद्याच्या सरावात नेमकं काय करायचं. तिसरी ओळ जितकी बारीक, तितकी कामाची. ‘जास्त मेहनत घेईन’ याला काही अर्थ नाही. ‘डावीकडून येणाऱ्या जमिनी चेंडूला पहिलं पाऊल लवकर टाकायचं, वीस चेंडू त्यासाठी’ याला आहे.

स्वतःशी बोलण्याची तऱ्हाही महत्त्वाची. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेलं संशोधन सांगतं, की ताणाच्या वेळी ‘मी असं का केलं’ असं म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून, दुसऱ्याला समजवावं तसं बोललं तर ताण कमी होतो. सहकाऱ्याकडून चेंडू सुटला तर आपण त्याला काय म्हणतो? तेच स्वतःला म्हणायचं.

चूक कबूल कशी करावी हे मी ओकलंडच्या डेनिस एकर्स्ली या पिचरकडून शिकण्यासारखं मानतो. 1988 च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच सामन्यात ओकलंड 4-3 ने पुढे होतं आणि दोन आउट झाले होते. एकर्स्लीसमोर आला लॉस एंजेलिस डॉजर्सचा कर्क गिब्सन, दोन्ही पाय दुखावलेला, धड चालताही न येणारा. त्याने होम रन मारला आणि ओकलंड हरलं. एकर्स्ली ड्रेसिंग रूममध्ये लपला नाही. आपल्या लॉकरपाशी उभा राहून शेवटचा पत्रकार जाईपर्यंत त्याच त्याच प्रश्नांना उत्तरं देत राहिला. पुढच्या वर्षी ओकलंड विजेते झाले, 1992 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सगळ्यांनाच इतकं लवकर सावरता येत नाही, हेही सांगायला हवं. ह्यूस्टनचा क्लोजर ब्रॅड लिज याला 2005 मध्ये आल्बर्ट पुहोल्सने शेवटच्या इनिंगमध्ये एक प्रचंड होम रन मारला. ह्यूस्टनने ती मालिका तरीही जिंकली, पण लिजचा त्यानंतरचा मोसम खराब गेला. 2008 मध्ये फिलाडेल्फियाकडून खेळताना मात्र त्याला आघाडी राखायच्या 48 संधी मिळाल्या, प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) धरून, आणि त्याने अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस राखल्या. मधली तीन वर्षं कोणी मोजत नाही. ती मोजावीत. सावरायला वेळ लागतो, आणि झोप उडणं, जेवण न जाणं, मैदानावर जाण्याचीच भीती वाटणं हे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिलं, तर समुपदेशकाकडे जाणं हे दुखऱ्या खांद्यासाठी डॉक्टरकडे जाण्याइतकंच साधं आहे.

चाहत्याचं दुखणं

चाहत्याची गोष्ट एका अर्थी जास्त अवघड. खेळाडूला उद्या बॅट हातात घेता येते. चाहत्याच्या हातात काहीच नसतं.

तरीही त्याला लागतं, कारण तो संघाला स्वतःचा भाग मानतो. रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1976 मध्ये अमेरिकन विद्यापीठांत पाहिलं, की आपला फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसतात. सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर ‘आपण जिंकलो’, हरल्यावर ‘ते हरले’. पण पक्का चाहता ‘ते’ म्हणू शकत नाही, ‘आपण हरलो’ असंच म्हणतो. हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

एक संशोधन मला चाहत्यांसाठी फार उपयोगी वाटतं. 2000 मध्ये टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमचा संघ हरला तर किती दिवस वाईट वाटेल? त्यांनी सांगितलेल्यापेक्षा ते खूपच लवकर सावरले. आणि ज्यांना आधी पुढच्या काही दिवसांत आपण काय काय करणार आहोत हे लिहायला लावलं होतं, त्यांचे अंदाज मुळातच सौम्य निघाले. सामना डोळ्यांसमोर असतो तेव्हा बाकीचं आयुष्य दिसेनासं होतं. म्हणून मोठ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं एखादं काम आधीच ठरवून ठेवावं, आवडतं असेल तर उत्तमच.

राग काढून टाकला की शांत वाटतं, ही समजूत मात्र सोडलेली बरी. ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात, ज्याचा राग आला त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसते स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. सामन्यानंतर दोन तास फोनवर शिव्या टाइप करणं म्हणजे तेच ठोसे. आणि हा राग कुठे जाऊन आदळतो तेही पाहा. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी 2011 मध्ये अमेरिकन फुटबॉलचा अभ्यास मांडला. जिंकण्याची अपेक्षा असलेला स्थानिक संघ अनपेक्षितपणे हरला, की त्या भागात पुरुषांनी घरातल्या बायकांवर केलेल्या हिंसाचाराच्या घटना सुमारे 10 टक्क्यांनी वाढत होत्या. 2025 मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोसचा पिचर लान्स मॅक्कलर्स ज्युनिअर याला एका वाईट खेळीनंतर त्याच्या लहान मुलांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांच्या तपासात धमकी देणारा परदेशातला, पैज हरलेला माणूस निघाला. पराभव पचवता येणं हा स्वभावाचा प्रश्न आहे असं म्हणून सोडून देता येत नाही, ते यासाठी. हरल्यावर घरात कोणाला आपली भीती वाटत असेल, तर ते सामना बघणं थांबवून मदत घ्यायचं कारण आहे. आणि सामन्यावर पैसे लावलेले असतील तर दुःख कोणतं आणि तोटा कोणता, हे वेगळं करणंच अशक्य होतं. मी तर म्हणेन, ज्या संघावर प्रेम आहे त्याच्यावर पैज लावूच नये.

चाहत्याच्या हाती एक मोठी गोष्ट असते: सोबत. 1988 मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्स मोसमातले पहिले 21 सामने ओळीने हरले. घरच्या मैदानावर परतले तेव्हा त्यांच्या नावावर 1 विजय आणि 23 पराभव होते. त्या 2 मेच्या रात्री स्टेडियमवर 50,402 लोक आले. जिंकणारा संघ बघायला आलेली ही गर्दी नव्हती. त्या वर्षी ओरिओल्स एकूण 107 सामने हरले, पण ती रात्र शहर विसरलं नाही. एकट्याने पाहिलेला पराभव रात्रभर छळतो, चौघांत पाहिलेल्याचा निदान किस्सा होतो.

मुलांच्या बाबतीत थोडंच सांगतो, कारण गोष्ट साधी आहे. सामना हरून मूल गाडीत बसलं की परतीच्या वाटेवर विश्लेषण करू नका. तो चेंडू का सोडलास, पंच कसा चुकला, कोचला कळत नाही, यातलं काहीही नको. त्याला भूक लागली असेल, तेवढं विचारा. बोलायचं असेल तर ते स्वतः काढेल, बहुधा दुसऱ्या दिवशी.

न फिटलेले पराभव

पराभवाबद्दल लिहिणारे सहसा परतफेडीच्या कथा सांगतात. कॅन्सस सिटी रॉयल्स 2014 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात बरोबरीची धाव थर्ड बेसवर, होम प्लेटपासून नव्वद फुटांवर असताना हरले. शेवटचा आउट झाला तो सॅल्व्हाडोर पेरेझ, आणि 2015 मध्ये रॉयल्स विजेते झाले तेव्हा मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच पेरेझ. बोस्टन 2004 मध्ये यांकीजकडून 19-8 असा मार खाऊन मालिकेत 0-3 ने मागे पडलं आणि पुढचे चारही सामने जिंकून वर्ल्ड सिरीजला गेलं. या कथा खऱ्या आहेत आणि मलाही आवडतात. पण सावरणं त्यांच्यावर अवलंबून ठेवलं तर धोका आहे, कारण बहुतेक पराभव फिटत नाहीत. 116 सामने जिंकलेले ते मरिनर्स? 2025 मध्येही वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेत, सातव्या सामन्यात एका धावेने हरले. आजवर वर्ल्ड सिरीज न खेळलेला तो एकमेव संघ आहे. त्यांच्या चाहत्यांना ‘थांबा, दिवस येईल’ असं सांगण्यात अर्थ नाही. जे पाहिलं ते पाहण्याजोगं होतं का, एवढंच ते स्वतःला विचारू शकतात.

हार्वी हॅडिक्सचं उदाहरण याहून टोकाचं. 26 मे 1959 ला मिलवॉकीत पिट्सबर्ग पायरेट्सच्या या पिचरने ब्रेव्हजचे 36 बॅटर ओळीने आउट केले. बारा इनिंग, एकही माणूस बेसवर नाही. असं आधी कोणीही केलेलं नव्हतं. पण त्याच्या संघाला बारा हिट मिळवूनही एक धाव काढता आली नाही, कारण समोरचा ल्यू बर्डेटही हटत नव्हता. तेराव्या इनिंगमध्ये थर्ड बेसमनचा थ्रो चुकला, मग जो अॅडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे धाडला आणि हॅडिक्स 1-0 ने हरला. पुढच्या वर्षी पायरेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले, सातव्या सामन्याचा विजयी पिचर तोच होता, तरी त्या रात्रीच्या नोंदीत काही बदल झाला नाही. तिथे आजही पराभवच लिहिलेला आहे. 1991 मध्ये मेजर लीगच्या समितीने व्याख्या बदलली आणि त्याचा सामना परफेक्ट गेमच्या (एकाही बॅटरला बेसवर येऊ न दिलेल्या सामन्यांच्या) यादीतूनही काढून टाकला. त्यावर हॅडिक्स म्हणाला, ठीक आहे, मी काय केलं ते मला माहीत आहे.